नाक वर केलेली गाडी

माझा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला तो एका गाडीने, आणि ती गाडी माझ्या बायकोने बांधली होती. चालवतही तीच होती. पुण्यात हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतात. दर वेळी नव्याने सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आम्ही जपानला, हिगाशी-कसाईला राहत होतो. खालच्या मजल्यावर नाशिकचे, वरच्या मजल्यावर ठाण्याचे, कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्त्यापासून गोड्या मसाल्यापर्यंत सगळं. माझं ऑफिस इंग्रजीत चालायचं. चार वर्षांत माझं जपानी स्टेशन, चोवीस तास उघडं असणारं कोनबिनी दुकान आणि जळणारा कचरा कुठल्या वारी टाकायचा, एवढ्यापलीकडे गेलं नाही. गरजच पडली नाही. बायको मात्र मेकॅनिकल इंजिनियर. लग्नाआधी चाकणला गिअरबॉक्सच्या कारखान्यात होती. इथे पहिलं वर्ष तिने घरात चिडचिड करत काढलं, दुसऱ्या वर्षी जपानी शिकली आणि मग कावासाकी शहरात कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये तिला बाइतो मिळाला. अर्धवेळ काम. मला वाटलं, बिलं लिहीत असेल. पहिल्या आठवड्यातच घरी आली ती नखं काळी करून आणि मनगटावर भाजल्याचा डाग घेऊन. आणि खूश होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या गॅरेजात गॅसर नावाच्या गाड्या बनत. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत पोरं जुन्या घरगुती मोटारी घेऊन सरळ रस्त्यावर पाव मैल कोण आधी कापतो, अशा शर्यती लावायची. त्या गाड्यांचं नाक मुद्दाम वर उचललेलं. पुढे बैलगाडीला असतो तसा सरळसोट आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे सुटताना सगळं वजन मागच्या रुंद चाकांवर पडावं. बॉनेट नाही. धुराचे पाइप पुढच्या चाकांच्या खळग्यांतून थेट बाहेर. ही सगळी तऱ्हा मधे मेली होती, ती आता पुन्हा उसळली आहे, आणि जपानमध्ये तर फारच. गाड्या बांधणारे लोक जुन्या जपानी सेडान आणि टेंपो शोधून काढतात, त्यांची चाकांवरची पत्र्याची कमान कापतात, नाक वर करतात. गॅरेजचा मालक, म्हणजे शाचो, बोटांची पेरं सोललेला साठीचा माणूस. तो म्हणायचा, आजकालच्या गाड्या माफी मागत चालतात. हे मला बायकोने सांगितलं. सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बायको तिथे जी गाडी बांधत होती, ती मला पाहताक्षणी आवडली नाही. भांडायला पदर खोचून, मान वर करून उभ्या राहिलेल्या बाईसारखी दिसायची. चालू केली की आवाज कानात नव्हे, छातीत बसायचा, बुक्की मारल्यासारखा. एकदा बायको मला समुद्राकाठच्या भाड्याच्या धावपट्टीवर घेऊन गेली. तिथे तसल्या गाड्यांचा मेळाच होता. बापे, बाया, शाळेतल्या मुली, सगळे कानात बोळे घालून उभे. माझ्यासमोर एका गाडीचं फ्लायव्हील, इंजिनाला लागून फिरणारं जड चाक, फुटलं. लोखंडी तुकडा पायाखालचा पत्रा फाडून, डॅशबोर्ड चिरून, काचेतून बाहेर उडाला. चालवणारा उतरला, मांडीकडे पाहिलं, मांडी जागेवर होती, आणि हसायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायकोही. मी तिला म्हटलं, "वेडे आहात का तुम्ही सगळे?" ती म्हणाली, "इथे निदान ओरडता येतं."

ते खरं होतं. आमच्या घरात ओरडता येत नव्हतं. भिंती कागदासारख्या. एकदा आमचं भांडण चढलं, तर दुसऱ्या दिवशी दाराला इमारतीच्या ऑफिसची अतिशय नम्र चिठ्ठी. त्यानंतर आम्ही कुजबुजत भांडायचो. कुजबुजत भांडून पाहा कधी. दातओठ खाऊन, डोळे फाडून, "चालती हो" हे शब्द श्वासात सोडायचे. तिने एकदा स्टीलचं ताट उचललं, फेकायला हात वर नेला आणि शेजारच्यांची आठवण होऊन गादीवर आपटलं. हसू यावं इतकं विचित्र, पण आम्हाला दोघांनाही हसू आलं नाही.

भांडण एकच होतं. माझं जपानचं काम संपत आलं होतं, पुण्याच्या ऑफिसने बढती देऊन परत बोलावलं होतं. आई-बाबा तिकडे वाट पाहत होते. मी हो म्हणून मोकळा झालो. ती म्हणाली, मी येणार नाही. मी म्हटलं, एका भंगार गाडीसाठी? ती म्हणाली, भंगार म्हणू नकोस. आमचं लग्न पुण्याला जाणार की कावासाकीला अडकणार, एवढाच प्रश्न होता, आणि रोज आम्ही तो एकमेकांच्या अंगावर फेकत होतो.

एका रविवारी मी तिच्याबरोबर गॅरेजला गेलो. तिला वाटलं, मी नमतं घेतलं. मी गेलो होतो तो शाचोला सांगायला. ती कपडे बदलायला आत गेली तेवढ्यात मी माझ्या मोडक्या जपानीत, हातवारे करून सांगितलं की माझी पत्नी काम सोडते, आम्ही भारतात परत जातो, तुमचे आभार. शाचोने मला वाकून नमस्कार केला. चेहऱ्यावर काही नाही. मग तो आतल्या दारापाशी गेला, बायकोला काही सांगितलं आणि तिलाही तसाच वाकला, जरा जास्त वेळ.

ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय सांगितलंस त्यांना?"

"जे खरं आहे ते."

"माझं खरं तू ठरवणार?"

मला वाटलं, आता ताट. पण ती गाडीकडे वळली. अंगणात गॅसर उभी होती, तिला शेडमध्ये घ्यायची होती. ती आत बसली, पट्टे आवळले. मागची काच हातभर, सीट खोल, बसलेल्याला मागचं जवळजवळ दिसत नाही. इंजिन सुरू झालं आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. तिने काचेतून हात काढून मला मागे जायची खूण केली. "मागे उभा राहा आणि सांग," ती ओरडली. एवढं एक काम माझ्याकडून होईल असं तिला वाटलं असावं.

मी मागे उभा राहिलो. माझ्यामागे इंजिनं ठेवायचा लोखंडी ओटा. गाडी मागे येऊ लागली. जागा भरपूर होती, मग थोडी उरली, मग मला वाटलं पुरे. मी ओरडलो, "ऑल राइट! ऑल राइट!" आपण म्हणतो तसंच. झालं, बास, थांब. शिवाय हात पुढे करून पंजा खाली दाबला, हळू, हळू.

गाडी थांबली नाही. मी आणखी जोरात ओरडलो. ती आणखी जोरात आली. "ऑल राइट, ऑल राइट, ऑल राइट!" आणि मागच्या बंपरच्या जाड पाइपने माझा पाय ओट्यावर दाबला. हाड मोडल्याचा आवाज त्या इंजिनातूनही मला ऐकू आला. कोणी म्हणतं ना, दुखलं नाही, सुन्न झालं, ते खोटं आहे. मी गुरासारखा ओरडलो.

शाचो कुठून आला कळलं नाही. त्याने इंजिन बंद केलं, बायकोचे पट्टे सोडवून तिला कॉलरला धरून बाहेर खेचलं आणि जमिनीवर ढकललं. मग एकट्याने खांदा लावून गाडी पुढे लोटली. मी कोसळलो. हाताला एक मोठा पाना लागला, तो मी तिच्या अंगावर फेकला. नेम धरून. तो तिच्या गळ्याशेजारच्या हाडावर बसला. तिने हातही वर केला नाही. रांगत माझ्यापाशी आली, माझ्या मांडीला पट्टा आवळला आणि म्हणाली, "श्वास घे."

"मुद्दाम केलंस," मी म्हटलं. अँब्युलन्स येईपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पोलीस आला. तरुण, सभ्य, फोनवर भाषांतर करणारा. शाचो भिंतीला टेकून उभा, बायको खिडकीपाशी. खांद्यावर तिच्याही पट्टी. पोलिसाने विचारलं, गाडी मागे येत असताना तुम्ही काय म्हणालात? फोन ते इंग्रजीत बोलला. मी सांगितलं, "ऑल राइट." आणि हात कसा केला तेही दाखवलं, पंजा खाली करून.

पोलिसाने शाचोकडे पाहिलं. शाचोने डोळे मिटले. पोलीस उठून उभा राहिला, दोन पावलं मागे सरकला आणि माझ्यासारखाच पंजा खाली करून हलवत म्हणाला, "ओराई, ओराई." मग फोनमध्ये काहीतरी बोलला. फोन म्हणाला: जपानमध्ये ऑल राइटचा अर्थ, या, आणखी मागे या.

हातसुद्धा. आपण ज्या हाताने थांब म्हणतो त्या हाताने हे लोक ये म्हणतात. चार वर्षं मी त्या शहरात राहिलो आणि एकदाही कुणाच्या मागे येणाऱ्या गाडीपाशी उभा राहिलो नव्हतो.

पोलीस गेला. शाचो खोलीच्या फरशीवर गुडघे टेकून कपाळ लावून राहिला. बायकोने भाषांतर केलं: तो म्हणतोय, गाडी कापून टाकतो. मी मराठीत म्हटलं, "सांग त्याला, काप म्हणावं. आज काप." तिने जपानीत काहीतरी सांगितलं, बराच वेळ. तो पुन्हा वाकला आणि गेला. गाडी काही कापली गेली नाही. तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मग आम्ही दोघंच उरलो. तिथेही कुजबुजायचंच होतं, शेजारच्या पडद्याआड एक आजोबा होते.

मी म्हटलं, "तू रागात होतीस."

"होते. पण तुला मारायचं असतं तर हातोड्याने मारलं असतं. गाडी कशाला खराब करीन?" हे ती गंभीरपणे म्हणाली. ती तशीच आहे.

"माझा आवाज होता तो. तुझ्या नवऱ्याचा. इंजिनियरिंगच्या कॉलेजपासून तू माझं ऑल राइट ऐकतेस. मी बास म्हटलं की बास, हे तुला माहीत आहे."

तिने डोळे बारीक केले. ती खरंच आठवून पाहत होती, मला टाळत नव्हती. मग म्हणाली, "गाडीत बसल्यावर मला तसं ऐकू नाही आलं. तू ये म्हणालास. मी आले."

मी पाण्याचा जग भिंतीवर फेकला. आजोबा पडद्याआड खोकले. नर्स धावत आली, बायकोने तिच्याशी जपानीत बोलून, माफी मागून, फडक्याने फरशी पुसली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. तिने मुद्दाम केलं असतं तर मला चाललं असतं, हे मला त्या वेळी स्वच्छ कळलं. सूड समजतो. नवराबायकोत सूड असतो. पण माझा आवाज ओळखून, तो माझाच आहे हे माहीत असून, माझा शब्द तिच्या कानात दुसऱ्याच लोकांचा झाला होता, आणि तिला त्याचा पत्ताही लागला नव्हता. मला रडू आलं. पायामुळे रडतोय असं नर्सला वाटलं, तिने गोळी दिली.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. ती रोज कावासाकीहून सुटून यायची, डबा आणायची, माझी पाठ पुसून द्यायची. मी येणार नाही, हे तिने पुन्हा सांगितलं नाही आणि चल, असं मीही म्हटलं नाही. शाचो फळं घेऊन यायचा आणि दारातच उभा राहायचा.

पायात सळई घालून मी निघालो. विमानतळावर चाकांची खुर्ची ढकलायला कंपनीचा माणूस होता, पण तिने त्याला बाजूला करून आतल्या दारापर्यंत स्वतः ढकललं. तिच्या नखांत काळं होतं. तिथे तिने माझ्या मांडीवरची बॅग नीट केली, शर्टाची कॉलर सरळ केली. पुढे तिला जाता येणार नव्हतं.

आपल्यात निघणारा माणूस जातो म्हणत नाही. अंगणाबाहेर दूध आणायला गेला तरी येतो म्हणतो. लहानपणी चुकून जातो म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची, आणि तिच्याही आईने घातला असणार. तिने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली. मग दात आवळून, अगदी आमच्या घरच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "येतो म्हण."

मी म्हटलं, "जातो."

ते तिला बरोबर मराठीत ऐकू आलं. मी तिचा चेहरा पाहिला.