पेटीची नाही

आमच्या घरात माशाला देता येईल अशी सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'पेटीची'. पेटीची म्हणजे बर्फाच्या पेटीतून आलेली. माझ्या सासूबाईंनी पनवेलच्या बाजारात उभी हयात मासळी विकली, ती त्याच दिवशी होडीतून उतरलेली. पेटीची मासळी त्या विकत नसत, घरी आणत नसत, आणि कुणाकडे पाहुण्या गेल्यावर ताटात आली तर नुसता भात खाऊन उठत. तोंडात घालायचीही गरज नसे, वासावरून ओळखायच्या.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की होड्या किनाऱ्याला बांधल्या जातात. त्या दिवसांत आई सुकटीवर आणि सुक्या बोंबलांवर मजेत असायच्या. पण डॉक्टरांनी ब्लडप्रेशरपायी खारवलेलं सगळं बंद केलं आणि पहिल्याच पावसाळ्यात बाई अशा वाळल्या की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. कोंबडी नको, अंडं नको. दोन घास वरणभात चिवडायचा आणि ताट सरकवायचं. जिने डोक्यावर भरली पाटी असतानाही स्टँडपासून बाजारापर्यंत कधी रिक्षा केली नाही, ती बाई भिंत धरून न्हाणीपर्यंत जायला लागली. डॉक्टर म्हणाले, पुढचा पावसाळा असाच गेला तर अंथरूण धरतील. मला वाईट वाटायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. अहो, फ्रीज नावाची वस्तू घरात आहे ना!

पण हे बोलणार कोण? मी. आणि मी पडले घाटावरची. लग्न होऊन आले तेव्हा बांगडा आणि बोय यांतला फरक मला कळत नव्हता. आईंनी मला मासे साफ करायला शिकवलं खरं, पण 'घाटावरची ती घाटावरचीच' हे पालुपद काही सुटलं नाही. शिवाय या घरात एक रीत आहे. मासळी ज्याने घरात आणली, कालवणातलं डोकं त्याच्या ताटात. ते कायम आईंच्या ताटात, नाहीतर ज्यांची होडी आहे त्या चुलत सासऱ्यांच्या. माझ्या ताटात शेपूट. वर्षानुवर्षं शेपूट.

तर पुढच्या उन्हाळ्यात मी पदर खोचला. नवरा म्हणाला, तिच्या नादी लागू नकोस, हात दाखवून अवलक्षण होईल. मी म्हटलं, बघू या.

पहिला प्रयोग साफ फसला. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांत पापलेटं भरली आणि वर फ्रीजरमध्ये ठेवून दिली. चार दिवसांनी तळली तर पापलेटाला वेलचीचा वास. आईंनी ताटाला हातही लावला नाही. एवढंच विचारलं की हे गोड कधी केलंस. नवरा खोकल्याचं सोंग करत गॅलरीत हसायला पळाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या वेळी स्टीलचे डबे घेतले. कुणीतरी सांगितलं होतं, मासा पाण्यात बुडवून गोठवला की त्याला वारा लागत नाही. बरोबर होतं ते. वास आला नाही, पण मासा पांचट झाला, भिजलेल्या पावासारखा. आईंनी एक घास घेतला आणि तोच शब्द उच्चारला. पेटीची.

त्यानंतरची गोष्ट. मी मोरीत रावस धूत होते. आम्हा घाटावरच्या लोकांना वाटतं, जितकं धुवावं तितकं स्वच्छ. मी आपली नळ सोडून मेथीची जुडी धुवावी तशी तुकड्या धूत होते. मागून आई ओरडल्या.

"गोडं पानी कशाला वतते गो त्याच्यावर? गोडं पानी लागलं का मासळी मेली!"

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते आणि लग्नापासून एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडत आले होते. त्या दिवशी मात्र हातातली तुकडी हातातच राहिली. मासा खाऱ्या पाण्यातला, आणि मी त्याला डब्यात नळाच्या पाण्यात बुडवून ठेवत होते! म्हातारी मला सगळं आधीच सांगून बसली होती, शिव्यांच्या भाषेत.

बंदीच्या आधीची शेवटची होडी लागली त्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने उरण गाठलं. चुलत सासऱ्यांच्या होडीतून चमचमता रावस घेतला. किनाऱ्यावरच कल्ले, आतडी काढून घेतली आणि तिथल्याच खाऱ्या पाण्याने रक्त पुसलं. घरी येऊन जाड तुकड्या केल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घातलं, चव बघितली, आमटीपेक्षा खारट आणि लोणच्यापेक्षा कमी. त्यात डोक्यासकट तुकड्या बुडवल्या आणि डबे फ्रीजरमध्ये रचले. मटार, बर्फाचा ट्रे, नवऱ्याची कुल्फी, सगळं बाहेर. आधी प्रयोग करून बघायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवसापासून बंदी. साधलं तर साधलं, नाहीतर पावसाळाभर आईंचं रिकामं ताट बघायचं.

पाऊस लागला. आई पुन्हा वरणभात चिवडायला लागल्या. मी थोडे दिवस जाऊ दिले, मग एक डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवला. बर्फ सावकाश सुटू दिला, घाई केली नाही. डॉक्टरांचं ऐकून खारं पाणी ओतून टाकलं, आंबट घालून वरून मीठ न घालता कालवण केलं आणि काही न बोलता वाढलं. डोकं अर्थातच त्यांच्या ताटात.

आईंनी वास घेतला. मी चुलीकडे तोंड करून उभी, म्हणजे गॅसकडे, पण तिरकी नजर त्यांच्या ताटावर. एक घास गेला. दुसरा गेला. तुकडी संपली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांचा हात थांबला आणि आवाज चढला.

"बंदीत कुनाची होडी गेली? खरं सांग."

बंदीच्या दिवसांत मासळी अंड्यांवर असते. पोटुशी मासळी मारायची नाही, हा त्यांचा धर्म. कुणीतरी चोरून समुद्रात गेलं आणि सुनेने ते घरात आणलं, असं त्यांना वाटलं. चोरीची मासळी मी नाय खात, म्हणत त्यांनी ताट लांब सारलं.

आणि मला हसू फुटलं. खरंच सांगते, इतकी मोठी शाबासकी मला माहेरीसुद्धा कुणी दिली नव्हती. मी फ्रीज उघडला, दुसरा डबा काढला, उपडा केला आणि बर्फाचा तो जड, खारा ठोकळा त्यांच्यासमोर धपकन ठेवला. आत रावसाच्या तुकड्या दिसत होत्या.

"कुणाची होडी गेली नाही, आई. बंदीच्या आधीचा आहे. गोडं पाणी लागू दिलं नाही."

त्यांनी ठोकळ्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग ताट जवळ ओढलं, त्यातलं डोकं उचललं आणि माझ्या रिकाम्या ताटात ठेवलं.

"बस खाली. चोखून खा, घाटावरचे," त्या म्हणाल्या, "आनि मना आनखी एक तुकडी वाढ."