चाकांवरची शेवंती

दिवाळी झाली की आमच्या वेवजीच्या पाड्यावरची निम्मी घरं बंद व्हायची. कुलूप कोणाकडे नसायचं, कडीला सुतळी बांधायची आणि निघायचं. माणसं वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. माझा मामा त्यांतलाच. मामी, पोरं, मडकी, कोंबड्या, सगळं एका टेम्पोत. शेवंती त्याची थोरली मुलगी. शाळेच्या पटावर तिचं नाव असायचं, ती भट्टीवर ओल्या विटा उलटत असायची. एका वर्षी परत आली तेव्हा तिच्या तळपायांची कातडी सोललेली होती. गरम राखेवरून अनवाणी चालली होती. माझ्या आईने भावाला ओटीवर बसवलं आणि सांगितलं, "ही आता माझ्याकडे राहील. तू मध्ये बोलू नको."

माझे बाबा सीमेपलीकडे गुजरातमध्ये कंपनीत कामाला होते, म्हणून आमचं घर बारा महिने उघडं असायचं. एवढ्याच फरकावर मी शिकले आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. शेवंती माझ्याहून वर्षाने लहान. मला 'ताय' म्हणायची, पण ऐकायची कधीच नाही.

पुढे आम्ही दोघी डहाणूला वसतिगृहात राहून शिकलो. तिथल्या शाळेत राऊत सर खेळाचे शिक्षक. कोणीतरी शाळेला चाकांचे जुने बूट, म्हणजे स्केट्स, देऊन टाकले होते आणि ते पेटीत पडून होते. सरांनी ते काढले तेव्हा मुली भिंतीला धरून उभ्या राहिल्या. शेवंतीने भिंत धरलीच नाही. सरळ निघाली, पडली, उठली, पुन्हा पडली. मी ओरडले, "अगं, हाड मोडेल!" ती म्हणाली, "भट्टीवर विटा डोक्यावर घेऊन पडत होते, इथं रिकामी पडतेय. मजाच हाय!"

हे तिचं नेहमीचं होतं. कुठलीही अडचण सांगितली की ती भट्टीशी तोलायची आणि हलकी करून टाकायची. वसतिगृहातली आमटी पातळ असली तरी म्हणायची, "घास मोजायला मुकादम तर नाय ना उभा? जेवा गुपचूप."

सरावाला जागा म्हणजे भाताच्या गिरणीचं सिमेंटचं खळं. मालक भला माणूस, पण भात वाळायला पडला की खळं बंद. एरवीही आधी झाडून घ्यावं लागे, कारण चाकाखाली भाताचा एक दाणा आला तरी माणूस तोंडावर. शेवंती झाडायची आणि जयेश उकिडवा बसून फटींतले दाणे वेचायचा.

हा जयेश आमच्याच शाळेतला, डहाणूजवळच्या आगर गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. खांदे वल्ह्यांनी घडलेले. सरांच्या डोक्यात जोडीचं स्केटिंग आलं, तेव्हा त्यांनी या दोघांना एकत्र आणलं. त्यांच्या फोनवर ते रशियातल्या जोड्या दाखवायचे. बर्फावरून वाऱ्यासारख्या जाणाऱ्या, मुलगा मुलीला एका हातावर डोक्याच्या वर धरून. मामीने एकदा ते बघितलं आणि तिला वेगळीच काळजी. "एवढ्या बर्फात एवढंसं कापड? हिला आई नाय काय?" तेव्हापासून पाड्यावर शेवंतीचं नाव 'रशियावाली' पडलं.

मुलगा मुलीची कंबर धरणार, याचं आमच्या पाड्यावर कोणाला काही वाटलं नाही. आमच्या नाचात बाया-बाप्ये एकमेकांच्या कमरेत हात घालूनच नाचतात. विरोध आला तो आगरहून. जयेशची आई सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन थेट खळ्यावर आली. "सर, माझ्या पोराचे हात जाळं ओढायला हायेत. परक्या पोरी उचलायला नाय." सर काही बोलायच्या आत शेवंतीच पुढे झाली. "मावशी, तुम्ही एकदा बघा. मग नको म्हणा, मी जाते." मावशी पाटी उतरवून बसल्या. बघता बघता त्याच ओरडल्या, "अरे मेल्या, नीट धर! मासळी पडली तर धुवून घेता येते, पोरगी पडली तर काय करशील?" मग त्यांची परवानगी वेगळी मागावी लागली नाही.

शेवंतीची जीभ मावशींहून तिखट. जयेशला म्हणायची, "बोंबील धरल्यासारखं धरू नको, निसटेन मी."

"मग काय पापलेटसारखी धरू? तेवढी महाग नाहीस तू," जयेश म्हणायचा.

जोडी जिल्ह्यात जिंकायची आणि राज्यावर हरायची. कारण एकच. एक उचल अशी होती की शेवंतीने त्याच्याकडे पाठ करून समोर बघत जायचं, त्याने मागून कमरेला धरून तिला डोक्यावर घ्यायचं. ही उचल केल्याशिवाय वरचे गुण मिळत नसत. शेवंती बाकी सगळं करायची, पण इथे ऐन वेळी वळून त्याच्याकडे तोंड करायची. हात चुकायचे आणि दोघं खाली. सरांना वाटलं, घाबरते. तिला विचारलं तर ती म्हणायची, "घाबरत नाय. अंगच वळतं. मी काय करू?" एकदा सरांनी तिला शपथ घातली. तेव्हाही वळलीच.

ती बारावीत असताना मामा वसतिगृहावर आला. रागावला नव्हता, थकला होता. "पोरी, खूप खेळलीस. माझी कंबर गेली. औंदा जिंकलीस आणि सर म्हणतात तशी खेळाडू म्हणून कॉलेजात, हॉस्टेलात घेतली तुला, तर माझं काही म्हणणं नाय. नायतर आमच्याबरोबर भट्टीवर चल." ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी तिने भट्टीवरून एकही विनोद केला नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझ्या पुस्तकांकडे बघायची मला लाज वाटली.

त्यातच कापणी झाली आणि खळ्यावर भात पसरला. सराव बंद. सरांनी सगळ्यांना घरी पाठवलं. आम्ही वेवजीला आलो. जयेशही मागे लागून आला, म्हणाला, "मला तुमचा नाच बघायचाय." संध्याकाळी पाड्यावर तारपा, म्हणजे भोपळ्याचं आमचं फुंकायचं वाद्य, वाजायला लागला. वाजवणारा मधोमध, त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेली साखळी. आमच्याकडे एक नियम लहानपणीच अंगात भिनतो. नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही. वाजवणारा फिरेल तसं फिरायचं, पण तोंड त्याच्याकडे.

जयेशला हे कोण सांगणार? तो शेवंतीच्या शेजारी साखळीत शिरला आणि गप्पा मारायला म्हणून अख्खाच तिच्याकडे वळला. पाठ तारप्याकडे. माझ्या आजोबांनी त्याच्या पोटरीवर काठी टेकवली. "ए होडीवाल्या! पाठ कोणाला दाखवतोस? तोंड आत कर."

सगळे हसले. फक्त शेवंती हसली नाही. ती साखळीतून बाहेर आली आणि ओटीवर बसून राहिली. मी जवळ गेले. ती म्हणाली, "ताय, माझं तेच होतंय. तिकडं खळ्यावर मी जयेशलाच तारपा मानून चाललेय. म्हणून त्याला पाठ दाखवायची वेळ आली की अंग वळतं."

"मग आता?"

"आता काय? तारपा उचलून मधोमध ठेवायचा. जयेश बाजूचा. बाजूच्याकडं कोण बघतं? त्याचा हात कमरेला हाय, एवढं कळलं की झालं."

सकाळी तिने जयेशलाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी किंमत कमी केलीस."

"वाढवली, गाढवा. तारप्याला कोणी हात देतं काय?"

खळं मोकळं झाल्यावर तिने खडूने मधोमध फुली काढली. पहिल्याच दिवशी उचल जमली. राऊत सर म्हणाले, "परत एकदा."

राज्य स्पर्धा पुण्याला होती. मुलीबरोबर घरची बाई हवी म्हणून मी गेले. चारोटीच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना शेवंतीने दोन वडापाव खाल्ले आणि माझा चहाही तिनेच संपवला. पुण्याच्या गुळगुळीत लाकडी फरशीवर फुली काढायची सोय नव्हती. संगीत सुरू व्हायच्या आधी ती फरशीच्या मध्यावर गेली, खाली क्षणभर बघितलं आणि आपल्या जागेवर परत आली. ती उचल आली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शेवंती वर होती, हात पसरलेले, तोंड समोर. जयेशचे हात हलले नाहीत. चाकं खाली टेकली तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईचा हात मी घट्ट धरलेला होता आणि ती मला म्हणत होती, "अहो, सोडा, झालं त्यांचं!"

पहिले आल्याचं कळल्यावर शेवंतीने भट्टीच्या मुकादमाच्या फोनवर मामाला गाठलं. तिने सगळं सांगितलं. मग मामा म्हणाला, "म्हणजे तू येणार नाय."

"नाय, बाबा."

"बरं झालं," मामा म्हणाला. "लय बरं झालं." मागून मामी विचारत होती, काय झालं, काय झालं. मग शेवंती रडली. मी पण.

तिला खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेजात आणि हॉस्टेलात प्रवेश मिळाला. ती आणि जयेश पुढची काही वर्षं महाराष्ट्राकडून खेळले. मग वडिलांचं वय झालं म्हणून जयेशने होडी सांभाळली आणि जोडी थांबली. आता शेवंती नाशिकला असते, आमची भेट सणासुदीला. मागच्या खेपेला मी विचारलं, "दुसरा जोडीदार बघायचा होतास." ती म्हणाली, "बाजूचा हात ओळखायला मला वर्षं लागली, ताय. आता दुसऱ्या हाताची ओळख कोण करत बसेल? त्यापेक्षा पोरांना शिकवते."

राज्यात दोनदा पहिली आणि देशात एकदा तिसरी, एवढी पदकं शेवंतीने आणली. ती पदवीधर झाली. आज ती एका शाळेत स्केटिंगची पगारी शिक्षिका आहे.