गार्डन व्ह्यू

उमेळ्यात आमच्या केळीच्या वाडीला लागून सात मजली इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरनं आमच्या बाजूचे फ्लॅट ‘गार्डन व्ह्यू’ म्हणून विकले. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं ते एका रविवारी सकाळी. अप्पा, म्हणजे माझे वडील, घड उतरवून झालेल्या केळी कोयत्यानं तोडत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक बाई ओरडल्या, “अंकल, झाडं का कापताय? आम्ही गार्डन व्ह्यू घेतलाय!”

“काय घेतलंय?”

“गार्डन व्ह्यू! हॉलमधून पण, बेडरूममधून पण!”

अप्पा कोयता ठेवून घरी आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी सांगितलं, गार्डन म्हणजे बाग, व्ह्यू म्हणजे समोर दिसतं ते; दोन्ही जोडून म्हटलं की खिडकीतून बाग दिसते असं घर.

“बाग कुणाची?”

“ते त्या शब्दांत येत नाही, अप्पा.”

“म्हणजे त्यांनी नुसतं दिसणं घेतलंय. केळी आपल्याच!” त्यांचा जीव भांड्यात पडला.

आईची शंका वेगळी होती. “आपल्याला दिवसभर त्यांचे गाऊन नि चड्ड्या वाळताना दिसतात, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”



अप्पांनी परत जाऊन बाईंना समजावलं. केळ एकदाच घड देते, मग ती तोडायची, बाजूची पिल्लं वाढतात. बाई म्हणाल्या, “ओके, पण पिल्लं मोठी कधी होणार? दिवाळीला माझ्या सासरचे येणारेत.” अप्पांनी मनाशी हिशोब केला आणि दिवाळीपर्यंत डोक्याएवढी होतील असा शब्द देऊन आले.

खरी पंचाईत खताच्या वेळी झाली. वाडीला आम्ही अर्नाळ्याहून सुक्या मासळीचा चुरा आणून घालतो. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात. “पुढच्या वेळी निदान आधी कळवा हो!”

म्हणून पुढच्या खेपेला अप्पांनी सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा म्हणून निरोप मला लिहायला सांगितला: “उद्या सकाळी तुमच्या गार्डन व्ह्यूला खत घालणार आहोत. कृपया खिडक्या लावून घ्याव्यात.”

“अप्पा, व्ह्यूला खत घालता येत नाही.”

“वास त्याच खिडकीतून जातो ना? राहू दे तसंच.”

सकाळी सगळ्या खिडक्या बंद. फक्त चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त आजोबा बादली घेऊन कुंपणाशी आले. “माझ्या गुलाबांना थोडं मिळेल का?” अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी बादली काठोकाठ भरून दिली. आजोबा ती लिफ्टनं वर घेऊन गेले.

दुपारी सेक्रेटरी पुन्हा रुमाल लावून निघाले, पण आमच्याकडे नाही. चौथ्या मजल्यावर, जिन्यानं.