आत्यांची झडती

आत्या कोणाचंही तोंड बघायच्या आधी हात बघत. माझ्या नवऱ्याच्या या आत्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेटवर बायकांची झडती घेण्याच्या कामावर होत्या. कोणाच्या कमरेला चुकून काड्यापेटी राहू नये, एवढंच बघायचं. निवृत्त होऊन आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आल्या, तरी दारात उभं राहायची सवय काही सुटली नाही.

कोरोनाच्या साथीत मला दिवस गेले. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे नुसती शिंक आली तरी मी रडायला लागायची. आत्यांनी मात्र कंबर कसली. दूधवाला, सिलिंडरवाला, माझा नवरा, सगळ्यांची दारात तपासणी. नवऱ्याचा मास्क घसरलेला दिसला की विचारायच्या, "नाकाला वेगळा पास दिलाय का?" शेजारच्या काकूंनी माझ्या गळ्यात बांधायला कापराची पुरचुंडी पाठवली. आत्यांनी ती देवघरात नेऊन ठेवली. "कापूर देवाला. तू साबणाने हात धू," म्हणाल्या.

डोहाळजेवण होणार नाही, असं त्यांनी सोसायटीत सांगून टाकलं. सगळ्यांना पटलं. आणि त्याच संध्याकाळी जी ती "गर्दी नको म्हणून मी एकटीच आले" म्हणत ओटी भरायला हजर. अशा एकट्या आलेल्या बायकांची जिन्यात चांगली जत्रा भरली. आत्यांनी मला गॅलरीत बसवलं, बायकांना खाली पार्किंगमध्ये लांब लांब उभं केलं आणि दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. माझी ओटी अशी खालून वर आली. "आता गाणी म्हणा," आत्यांनी वरून फर्मावलं, "मास्क न काढता." कितीतरी महिन्यांनी मी पोट धरून हसले.

नववा महिना लागला आणि एका सकाळी आत्यांनाच कणकण वाटली. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी खडकीच्या आपल्या जुन्या घरी जायला पिशवी भरली. मी रडत पुढे झाले, तर बाहेरूनच म्हणाल्या, "नमस्कार तिथूनच कर. आज मलाच आत सोडता येत नाही."

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आत्यांनी तिला फोनवर पाहिलं, दवाखान्यातल्या खाटेवरून. बोलवत नव्हतं. बोटाने खूण करून त्यांनी मला माझा मास्क वर घ्यायला लावला. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

मुलगी आता शाळेत जाते. परवा त्यांचा फोटो बघून म्हणाली, "या आजींनी मला कडेवर घेतलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "फार घ्यायचं होतं त्यांना."