चौदाशे लग्नांसाठी एक डबा

जगन्नाथरावांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. मी मूळचा नाशिकचा, नोकरी म्हैसूरच्या हेब्बाळ भागात. घर दाखवताना त्यांनी पाण्याची टाकी नंतर दाखवली, आधी जिन्याखालची खोली उघडली. जमिनीपासून छतापर्यंत व्हिडिओ कॅसेटी.

"ही खोली तेवढी मागायची नाही," ते म्हणाले. "बाकी घर तुमचंच."

त्यांचं घराणं मराठी शिंप्याचं, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. वडिलांचं दुकान लष्कर मोहल्ल्यात होतं. जगन्नाथरावही विसाव्या वर्षापर्यंत कात्री चालवत होते. मग कुणाच्या तरी लग्नात व्हिडिओ कॅमेरा हातात आला आणि शिवणकाम सुटलं. १९८८ पासून २०१६ पर्यंत त्यांनी म्हैसूर, हुणसूर आणि आसपासची लग्नं टिपली. बाकीचे व्हिडिओवाले मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. हे जपून ठेवायचे. शिवाय त्यांची एक खोड होती. पंगत बसली की ते कॅमेरा घेऊन मांडवामागे जायचे आणि आचारी, गजरे ओवणाऱ्या बायका, बसमध्ये घोरणारा ड्रायव्हर यांना टिपून घ्यायचे. गिऱ्हाइकाच्या प्रतीत हे काही नसायचं, मूळ कॅसेटमध्ये मात्र राहायचं.

तीन वर्षांपूर्वी विद्याश्री नावाच्या एक शिक्षिका त्यांना शोधत आल्या. त्यांचे वडील नरसिंहमूर्ती लग्नांचे आचारी होते, जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो होता, रेशनकार्डावरचा. "अप्पा चालायचे कसे, हसायचे कसे, माझ्या मुलीला माहीतच नाही," त्या कन्नडमधून म्हणाल्या. "शेकडो लग्नांत स्वयंपाक केला त्यांनी, पण कुठल्याच अल्बममध्ये नाहीत."

जगन्नाथराव अकरा दिवस कॅसेटी लावून बघत होते. हुणसूरच्या एका लग्नात नरसिंहमूर्ती सापडले. मोठ्या पातेल्यापुढे उभे, खांद्यावर पंचा, कुणाला तरी मीठ कमी पडल्याबद्दल झापतायत, आणि कॅमेरा दिसताच एकदम लाजून हसतायत. चाळीस सेकंद. विद्याश्रींनी ते सात वेळा पाहिलं. पण ज्या आणखी तीन कॅसेटींत मूर्ती नक्की असणार होते, त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. पडद्यावर नुसते पट्टे.

त्याच संध्याकाळी जगन्नाथराव जिना चढून वर आले.

"निनादराव, सगळ्या कॅसेटी कंप्युटरात घालायच्या. केवढा कंप्युटर लागेल?"

मी कॅसेटी मोजायला लावल्या. चौदाशेच्या वर निघाल्या. आकडेमोड करून मी म्हणालो, "काका, आठ टेराबाइटच्या बारा हार्ड डिस्क लागतील. त्यातल्या दोन राखीव, म्हणजे एखाद-दुसरी बिघडली तरी काही हरवणार नाही. पण नुसते विधी ठेवले, मांडवामागचं काढून टाकलं आणि चित्र जरा हलकं केलं, तर दोन डिस्कांच्या छोट्या डब्यात सगळं मावेल."

ते म्हणाले, "मांडवामागचं काढून टाकलं तर मूर्ती कुठे जाणार?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

डिस्का दर महिन्या-दोन महिन्यांनी एकेक घेता येणार होत्या. मदरबोर्ड माझ्याकडे जुना पडून होता. अडलं ते डब्यावर. बारा डिस्का बसतील, गार राहतील आणि परवडेल असा डबाच मिळेना. दुकानातले नवे डबे पाहिले. समोर काच, आत रंगीत दिवे आणि डिस्कांना जागा दोन. जगन्नाथराव म्हणाले, "हे लग्नाच्या स्टेजसारखं झालं. मागे स्वयंपाकघरच नाही!" मोठ्या कंपन्यांत वापरतात तो चोवीस डिस्कांचा लोखंडी डबा मी त्यांना ओळखीच्या एका ऑफिसात नेऊन दाखवला. त्याचे पंखे मिक्सरसारखे ओरडत होते आणि किमतीत सहा डिस्का आल्या असत्या.

शेवटी लष्कर मोहल्ल्यातले त्यांचे बालमित्र रणोजीराव यांच्याकडे गेलो. त्यांचं पत्र्याचं काम. मी कागदावर चित्र काढून दिलं आणि त्यांनी चार दिवसांत पत्र्याची एक छान पेटी बनवून दिली. जगन्नाथरावांच्या पत्नी अंबूताई अजून ब्लाउज शिवतात. त्यांनी मशिनीवरून मान वर करून पेटीकडे पाहिलं.

"अय्यो, ही कुणाच्या सासरी पाठवायची?"

त्या वेळी पाच डिस्का घेऊन झाल्या होत्या. पाचही पेटीत ठोकून आम्ही सुरू केल्या. पातळ पत्रा थरथरायला लागला आणि घरभर भुंग्यासारखी घूं घूं. अर्ध्या तासानं मी तापमान पाहिलं तर छप्पन्न. बंद करायला धावलो तोवर एका डिस्कनं टक् टक् सुरू केलं होतं. ती गेली. तिच्यात पाठच्या दीड महिन्यात माझ्या कंप्युटरवर कॅसेटींवरून उतरवलेली एकसष्ट लग्नं होती, आणि राखीव डिस्कांची व्यवस्था मी अजून लावलेली नव्हती. "आधी डबा होऊ दे, मग बघू," असं मीच म्हणालो होतो.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. जगन्नाथराव मात्र पेटीवर हात ठेवून बसले होते.

"तापली बिचारी," ते म्हणाले. "कॅसेटी आहेत ना? मग पुन्हा उतरवू. सुम्ने, उगाच रडायचं कशाला? चूक आपली दोघांची. डिस्कचं माप घेतलं, वाऱ्याचं घेतलंच नाही. शर्ट शिवताना काखेत जागा सोडतात, ती आपण विसरलो."

दुसऱ्या दिवशी पेटी परत द्यायला आम्ही रणोजीरावांकडे गेलो. भंगारात विकायला त्यांनी जुन्या वस्तू गोळा केल्या होत्या. जगन्नाथराव त्या ढिगापाशी थबकले. एक उंच, धुळकट टॉवर आडवा पडला होता. समोर एकाखाली एक अकरा आडवे खण.

"हे काय माहीत आहे?" ते मला म्हणाले. "सीडी छापायचं मशीन! लॅबमध्ये असायचं. एका वेळी दहा सीड्या निघायच्या. लग्न झालं की नातेवाइकांना वाटायला."

खिशातून टेप काढून त्यांनी खणाची रुंदी घेतली, मग डिस्कची, मग पुन्हा खणाची. मीही वाकून पाहिलं. जाड लोखंड, तळाशी छोटा मदरबोर्ड बसेल एवढी जागा, मागे वारा बाहेर काढायला भोक. तीन खण मिळून एक चौकट केली तर तिच्यात चार डिस्का बोटभर अंतरानं उभ्या राहतील आणि पुढून एक पंखा लागेल. तीन चौकटी, बारा डिस्का. वर दोन खण मोकळे.

"मोकळे राहू देत," जगन्नाथराव म्हणाले. "पोराचं कपडं वाढत्या अंगाचं शिवायचं असतं."

रणोजीरावांनी टॉवर भंगाराच्या भावात दिला आणि त्या फसलेल्या पेटीचाच पत्रा दुहेरी वाकवून तीन चौकटी केल्या. थरथर मात्र थोडी उरली होती. त्यावर अंबूताईंनी उपाय काढला. शिलाई मशीनवर बॉबिन भरायच्या चाकाला रबराची छोटी रिंग असते. तसल्या रिंगांचं एक पाकीट त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "स्क्रूखाली घालून बघा." घातल्या. घूं घूं थांबली. दुपारच्या उन्हात, चारही डिस्का चालू असताना तापमान एकोणचाळीस. जगन्नाथरावांनी माझ्या आकड्यावर विश्वास न ठेवता पंख्यामागे हात धरून पाहिला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा, आणि म्हणाले, "साकु. एवढं पुरे."

त्यानंतर दोन वर्षं ते रोज सकाळी आंघोळ करून कॅसेट लावत. कुठल्या लग्नात मागे कोण दिसतं, ते कन्नडमध्ये वहीत लिहून ठेवत. मूर्ती आणखी अठरा लग्नांत निघाले. एकात तर त्यांच्याबरोबर सहा-सात वर्षांची विद्याश्रीही होती, पोत्यावर बसून भेंडी खात असलेली. ते बघायला विद्याश्री मुलीला आणि नवऱ्यालाही घेऊन आल्या. मुलगी म्हणाली, "अम्मा, तू कच्ची भेंडी खात होतीस?" आणि सगळी खोली हसली. विद्याश्री हसता हसता पदराला डोळे पुसत होत्या.

मध्ये एकदा मी ऑफिसात असताना जगन्नाथरावांचा फोन आला. "सातवी डिस्क मेली. मी नवी घातली. सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही नका येऊ, मी कळवायला म्हणून केला." आवाजात असा रुबाब, जसं काही स्वतःच डिस्का बनवतात.

गेल्या महिन्यात हुणसूरहून शरत आला. तोही लग्नांचे व्हिडिओ काढायचा; पंचवीस वर्षं दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली होती. तो रिक्षातून कॅसेटींची चार पोती घेऊन उतरला आणि दारातच उभा राहिला. सुनेनं खोली रिकामी करायला सांगितली होती.

"फेकवत नाही रे," तो कन्नडमध्ये म्हणाला.

जगन्नाथरावांनी एक पोतं उचललं. अंबूताईंनी कॉफी टाकली. पहिली कॅसेट लागली तेव्हा जगन्नाथरावांनी लगेच खोड काढली. "नवरी निळी दिसते. तुझ्या कॅमेऱ्यात सगळ्याच नवऱ्या निळ्या."

"कंप्युटरवर रंग सुधारता येईल, काका," मी म्हणालो.

शरत पडद्यावरची नजर काढत नव्हता. जगन्नाथरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला हातानं थांबवलं.

"बेडा, नको. याचं आहे ते. आहे तसंच ठेवा."