एकतिसावं वाक्य

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. बदलापूरला वाढलो, बाबा कंपनीत हेल्पर, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे शाळेतच डोक्यात पक्कं बसलं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००८ साल. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. टीबीच्या पेशंटना रोज गोळीची आठवण करणारा एसएमएस जायचा. गोळी घेतली की पेशंटने मिस्ड कॉल द्यायचा. कोणाला कोणतं वाक्य, किती वाजता लागू पडतं, हे त्या कॉलवरून शिकणारा प्रोग्राम मी लिहिला होता – मशीन लर्निंग म्हणतात ते. वाक्यं तीस. सगळी नर्स शोभाताईंनी सांगितलेली, मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. आमच्या मशीनवरून मराठी अक्षरं जातच नव्हती.

अंबरनाथची सुजाता नवी सून. आजार सासरी लपवलेला, घरात मोबाइल एकच. म्हणून तिला "ब्लाउज शिवून झाला" असले मेसेज जायचे. एक दिवस सासूने हटकलं, "रोज कोणाला गं मिस्ड कॉल मारतेस?" ती घाबरली. कॉल बंद, गोळ्याही बंद.

पाच दिवस झाले.

"काय रे, तुझं हुशार मशीन झोपलं का?" शोभाताई म्हणाल्या. मग हळूच, "गोळ्या मध्येच सुटल्या तर पुढे औषध लागू पडणार नाही. आणि आपण घरी गेलो, तर पोरीला माहेरी धाडतील."

सहाव्या दिवशी एक ते चार लोडशेडिंग. कॉम्प्युटर बंद. लाइट आली आणि थोड्याच वेळात सुजाता अन् तिची सासू दारात. सासूच्या हातात मोबाइल.

"हे कोणी पाठवलं?"

नंबर आमचाच. वेळ दोन चाळीस. आणि चक्क मराठी अक्षरांत – "तुम्हीपण याच आजाराच्या गोळ्या घेतल्या होत्या ना? सुनेला एकटं पाडू नका."

"मावशी, तेव्हा आमचं मशीन बंद होतं... आणि हे वाक्य आमचं नाहीच."

"मला इंग्रजी वाचता येत नाही, हे बरं कळलं पाठवणाऱ्याला!" त्या खुर्चीवर बसल्या. आवाज उतरला. "लग्नाआधी माहेरी घेतल्या होत्या मी. नवऱ्यालासुद्धा अजून माहीत नाही." मग सुनेकडे वळून, "येडे, मला सांगायचं नाही का?"

सुजाता रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नऊला मिस्ड कॉल. तो सासूबाईच द्यायच्या. कोर्स पूर्ण झाला, सुजाता बरी झाली.

मी लॉग, म्हणजे गेलेल्या मेसेजची मशीनमधली नोंद, कितीदा तपासला... दोन चाळीसला काहीही गेलेलं नाही. शोभाताईंना सासूचं काही ठाऊक नव्हतं. सिमकार्ड कॉम्प्युटरला जोडलेल्या मोडेममध्ये, आणि तो कुलुपातल्या कपाटात; कोणी काढून वापरण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे मराठी अक्षरांची सोय झाली, तेव्हा मशीन त्याचं काय करतं ते बघायला मी ते वाक्य यादीत एकतिसावं म्हणून घातलं. प्रत्येक वाक्य एकदा तरी पाठवून बघायचं, हा नियम प्रोग्राममध्ये मीच लिहिलेला. तीसच्या तीस वाक्यं फिरत राहिली.

एकतिसावं मात्र कोणालाच गेलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.