पाढा थांबला की ब्रेक!

आमच्याकडं एवढे किस्से साठले, कारण ते घरी सांगायची सोयच नव्हती! बायकांना एक जरी कळला असता, तरी रविवारची फटफटी कायमची बंद. मग काय, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तेच ते सांगत बसायचं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. उचगावच्या आमच्या कारखान्यात तिघांकडं फटफट्या. मी, कुरुंदवाडचा अण्णाप्पा आणि आमचे मिस्त्री दस्तगीरभाई. रविवारी पोरांना मागं बसवून पन्हाळ्यामागच्या पठारावर जायचं. डांबरी रस्ता सोडून, बैलगाडीच्या वाटेनं. मी जात्याच भित्रा. त्यात माझी सुमी लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. सात वर्षांची पोर मागं बसली की माझा जीव टांगणीला!

* * *

पहिल्याच खेपेला अण्णाप्पा वाटेत विडी पेटवायला थांबला. त्याचा पोरगा बसू झुडपामागं गेला. हा विडी ओढून निघाला की! बसूला झाडं दाखवत, गोष्टी सांगत मैलभर गेला आणि वर पोराला म्हणतो, "आज लई शाना झालाईस रं, गप बसलाईस!"

* * *

मग मी डोकं लढवलं. फेट्यानं सुमीला माझ्या पाठीशी घट्ट बांधली. उताराला चिखल लागला, फटफटी घसरली, आणि आम्ही बापलेक उसाच्या मोळीसारखे आडवे! गाठ काही सुटेना. लागलं कुणालाच नाही.

दस्तगीरभाई तापले. "अवो, पोरगी हाय का भारा? तुमी पडला तर ती तरी सुटी नगं?"

* * *

नियम त्यांनीच घातला. मागच्या पोरानं मोठ्यानं पाढे म्हणायचे. आवाज आला म्हणजे पोर जागेवर.

"पाढा थांबला की ब्रेक! आन पोरांनो, काय बी झालं तरी थांबायचं न्हाय."

* * *

पुढच्याच रविवारी चढाला बसूचा पाढा थांबला. अण्णाप्पानं करकचून ब्रेक मारला, मी त्याच्यावर आदळता आदळता वाचलो.

"काय झालं रं?"

"तेरा साती येईना!"

"मग पुढचं म्हन की, गाढवा!"

* * *

आमची ही मात्र दारात उभी राहायची. सुमीला मी वाकळेचं जाड टोपडं शिवून घेतलं होतं, ते काढून ती आधी डोकं चाचपायची, मग कोपरं, मग गुडघे. म्हणायची, "जशी नेली तशी आणलीत, बरं झालं." मी देवाला हात जोडायचो.

* * *

आणि एक रविवार असा आला. पठारावर सोसाट्याचा वारा. वाट नवी, म्हणून दस्तगीरभाई पुढं, मधे अण्णाप्पा, शेवटी मी. एका ओढ्यात फटफटी ताडकन उसळली. मी हँडल सावरलं, कान दिला. पाढा चालू होता. "बारा साती चौऱ्याऐंशी..." म्हटलं, चला!

चांगलं दोन मैल गेलो. झाडाखाली सगळे थांबले. दस्तगीरभाई माझ्याकडं बघतच राहिले.

"सुमी कुठाय?"

मागं वळलो. सीट मोकळी! बारा साती पुढच्या फटफटीवर बसू म्हणत होता.

फटफटी कशी वळवली, आठवत नाही. दर वळणाला इंजिन बंद करायचं, ऐकायचं. नुसता वारा. पुन्हा किक. पुन्हा बंद. तोंडानं देवाचं नाव, डोळ्यांपुढं दारात उभी असलेली ही.

ओढा जवळ आला आणि बारीक आवाज आला. पोरगी दगडावर बसली होती. गुडघा फुटलेला, टोपडं डोळ्यांवर आलेलं. हुंदके देत, घसा बसेपर्यंत ओरडत होती, "बारा नव्वे अठ्ठ्यान्नव..."

चुकलेला पाढा. मी धावत जाऊन तिला उचलली. गळ्यात पडून म्हणाली,

"आबा, मी थांबले न्हाय. तुमाला ऐकू येत हुतं न्हवं?"